गुंड्याची कात अडकलीय? ओढू नका, ओलावा द्या

ताई, इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही निपाणीच्या. मुलगा पुण्याला शिकायला आहे आणि त्याचा बॉल पायथन जातीचा पाळीव साप, गुंड्या, सध्या तुमच्या सांभाळात आहे. वय सव्वा वर्ष, लांबी दोन फुटांच्या आसपास. काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, थंडी म्हणून जाळीवर साठ वॉटचा बल्ब, तळाला वर्तमानपत्र. गेल्या आठवड्यात त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली. पाठीवर पट्टे राहिलेत, शेपटीच्या टोकाला कडं दिसतंय, डोळे अजून पांढरट आहेत आणि तो खातही नाही. शेजारीण म्हणते खोबरेल लावा. दीर म्हणतात शेतात सोडा, दगडाला घासून आपणच काढेल. आणि तुम्ही विचारलंय, "डोळ्यावरचं चिमट्यानं काढू काय?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: नाही. चिमटा, नख, चिकटपट्टी, कापसाची काडी, यातलं काहीही डोळ्याला लावू नका. बाकी सगळं निस्तरता येतं, गेलेला डोळा परत आणता येत नाही. पण घाबरूनही जाऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे आणीबाणीचं दुखणं वाटत नाही. पाठीवरचे पट्टे दोन-तीन दिवसांत निघतील. शेपटीकडे मात्र आजच बघायचंय, आणि डोळ्यांना वेळ द्यायचाय.

मी बेळगावात जनावरांची डॉक्टर आहे. दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी, कुत्री-मांजरं येतात, पण अलीकडे पाळीव सापही यायला लागलेत. डिसेंबर ते मे या महिन्यांत जो साप येतो तो बहुतेकदा कातीचीच तक्रार घेऊन येतो. पावसाळ्यात हीच तक्रार क्वचित दिसते. एवढ्यावरूनच तुमच्या लक्षात येईल की दुखणं सापाच्या कातडीत कमी आणि त्याच्या भोवतालच्या हवेत जास्त असतं.

साप कातीवर येतो तेव्हा जुन्या कातडीखाली नवी कातडी आधीच तयार झालेली असते. दोन्हींच्या मधे पातळ द्रव पाझरतो आणि त्यामुळे जुना थर खालच्यापासून सुटा होतो. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो आणि तोही प्रत्येक कातीबरोबर नवा होतो. मधला द्रव त्या खवल्याखालीही येतो, म्हणून डोळे दुधाळ-निळसर दिसायला लागतात. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो दडून बसतो, खात नाही, कुणी हात लावला तर दचकून फणकारतो. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. पण कात अजून निघायचीच असते. त्यानंतर काही दिवसांत तो ओठाच्या कडा एखाद्या खरखरीत वस्तूवर घासतो, कात तिथं सुटते, आणि मग पायमोजा उलटा करून काढावा तशी ती डोक्याकडून शेपटीकडे उलटत जाते. सगळं ठीक असेल तर डोळ्यांच्या खवल्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध कात मिळते. गुंड्याच्या वयाचा, वाढता साप साधारण महिन्या-दीड महिन्यानं कात टाकतो. मोठा झाला की हे अंतर वाढतं.

हवा कोरडी असली किंवा सापाच्या अंगातच पाणी कमी पडलं की तो मधला ओलावा पुरत नाही. जुना थर सुटण्याआधीच वाळतो, ताणला की फाटतो, आणि जिथं चिकटला तिथंच राहतो. गुंड्याचं हेच झालंय. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याचा व्यापार जगभर पसरला. तिथं बाहेर कोरडं गवताळ रान असलं तरी हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात असतो, आणि तिथली हवा दमट असते. त्याला साधारण साठ-सत्तर टक्के आर्द्रता लागते, कातीच्या दिवसांत सत्तर ते ऐंशी. संक्रांतीनंतर निपाणी, चिकोडी, अथणीकडची दुपारची हवा कशी असते ते तुमच्या ओठांना आणि टाचांना विचारा. त्यात वरून बल्ब. तापलेली हवा जाळीतून वर निघून जाते आणि जाताना टाकीतला होता-नव्हता तो ओलावाही घेऊन जाते. मुलानं टाकी मांडली तेव्हा पावसाळा असणार, तेव्हा ही मांडणी चालून गेली.

आता पहिलं काम. निघालेले कातीचे तुकडे टाकून दिलेत का? आपल्याकडे सापाची कात कपाटात, तिजोरीत ठेवायची पद्धत आहे. तशी ठेवली असेल तर बाहेर काढा. तुकडे वर्तमानपत्रावर पसरून डोक्याचा तुकडा शोधा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, किंचित फुगीर, पारदर्शक खवले दिसले तर डोळ्यांवर काही राहिलेलं नाही आणि पांढरेपणाचं कारण वेगळं आहे. तसं असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. त्या जागी नुसती भोकं दिसली तर खवले अजून डोळ्यांवरच आहेत. आणि डोक्याचा तुकडाच नसेल तर? मग गुंड्याचे ओठ बघा. तिथं कात फाटून वर वळलेली असेल, तर डोक्याची कात अजून निघालेलीच नाही. अशा वेळी डोळे पांढरट दिसणारच. डोक्याची कात सुटली की बऱ्याचदा तेही मोकळे होतात.

मग डोळाच बघा. मोबाईलची टॉर्च समोरून मारू नका. बाजूनं, तिरपा उजेड पाडा. राहिलेला खवला मंद, कोरडा आणि बारीक सुरकुत्यांचा दिसतो, एखाद्या ठिकाणी त्याची कड उचललेली असते. डोळा स्वच्छ आहे पण मधे खळगा पडलाय, असं असेल तर तो नुसता पाणी कमी पडल्याचा परिणाम असू शकतो. ओलावा मिळाला की तो भरून येतो. असा खळगा पाहून लोक घाबरतात आणि नसलेला थर काढायला जातात. आमच्या शहरातल्या एका मुलानं यूट्यूबवर पाहून चिमट्यानं असाच 'थर' ओढला होता. खवल्याखालचा बुबुळाचा पडदा फाटला. तो साप माझ्या टेबलावर आला तेव्हा डोळा आत बसला होता आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलाचा जीव सापावर होता, म्हणूनच त्यानं ते केलं. तुमचाही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता उपाय. एक प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा घ्या, ज्यात गुंड्या वेटोळं घालून आरामात मावेल आणि थोडी जागाही उरेल. पोळ्यांचा जुना डबा चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. सापांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. झाकणाला आणि बाजूला तापलेल्या सुईनं भोकं पाडा, आणि भोकांच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत करा. दोन जुने सुती पंचे किंवा टर्किश टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळा. पाणी ठिबकता कामा नये, पण हाताला गच्च ओलं लागलं पाहिजे. एक तळाशी अंथरा, दुसरा चुरगळून वर टाका, म्हणजे सापाला त्याच्या घड्यांमधून वाट काढावी लागेल. गुंड्याला आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि डबा घरातल्या उबदार जागी ठेवा. उन्हात नाही, गॅसजवळ नाही. अर्धा-पाऊण तास पुरे. मधे एकदोनदा बघा, आणि घर सोडून बाहेर जाऊ नका.

आत काय घडतं ते एकदा तुम्ही पाहाल तर नवल वाटेल. सुरुवातीला तो गुंडी होऊन गप्प बसतो. बॉल पायथनची ती सवयच आहे. मग हळूहळू डोकं काढतो आणि दोन घड्यांच्या मधल्या फटीत घुसतो. कापड ओलं आणि खरखरीत असतं. तो पुढे सरकतो, आणि पाठीवरचा पट्टा कडेनं सुटून, दुमडत, मागं कापडावर राहतो. तिथं आपला हात लागतच नाही. मला पाण्यात बसवण्यापेक्षा ही पद्धत आवडते ती याचसाठी. पाण्यात हा साप बावरतो, डोकं वर धरून बाहेर पडायची धडपड करतो, आणि पाणी जास्त गरम झालं तर भाजतोही. पाण्यातच ठेवायचं असेल तर पाणी २८ ते ३० अंश, म्हणजे मनगटाला गरमही लागू नये आणि गारही. खोली इतकीच की त्याचं अर्धं अंग बुडेल. आपण आंघोळीला घेतो ते कढत पाणी त्याच्या जिवावर बेतू शकतं.

अर्ध्या-पाऊण तासानं त्याला बाहेर घ्या आणि ओला पंचा हातात धरून, त्याच्याभोवती सैल मूठ करून, त्याला मुठीतून पुढे सरकू द्या. दिशा कायम डोक्याकडून शेपटीकडे. खवले मागे वळलेले असतात. उलटं घासलं तर ते उचलले जातात आणि खाली जखम होते. जेवढं अलगद सुटतं तेवढंच निघू द्या. जरा जरी अडलं, कातडी ताणली गेली, गुलाबी दिसली, की थांबायचं. उद्या पुन्हा डबा. असं दिवसातून एकदा, तीन दिवस. तीन दिवसांत पाठीवरचं निघालं नाही तर कारण कोरडेपणापेक्षा वेगळं आहे असं समजायचं.

शेपटीबद्दल मी आज बघा म्हटलं, त्याचं कारण सांगते. तिथं राहिलेल्या कातीचं कडं वाळतं, आवळत जातं आणि खालचं रक्त तोडतं. पुढच्या काती त्यावर साठत गेल्या तर टोक काळं पडून गळून जातं. शेपटीचा शेवटचा बोटभर भाग ओल्या कापसात सैल गुंडाळून दहा मिनिटं धरा, मग ओल्या अंगठ्यानं आणि बोटानं टोकाच्या दिशेनं हलकेच चोळा. बऱ्याचदा छोटी टोपी निघावी तसा तुकडा बोटावर येतो. टोकाचा रंग बाकी अंगासारखाच आणि ते मऊ असेल तर चिंता नको. काळपट, कडक, सुरकुतलेलं असेल तर थांबू नका, दाखवा. त्याचबरोबर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक नख्या असतात, मागच्या पायांच्या उरलेल्या खुणा. त्यांच्या खाचेतही कात अडकते. तिथंही एकदा बघा.

डोळ्यांना मात्र आपण काहीही करायचं नाही. डब्यातला ओलावा त्यांनाही मिळतोच. टाकीतली आर्द्रता नीट केली तर काही खवले दोन-चार दिवसांत आपोआप पडतात आणि काही पुढच्या कातीबरोबर निघतात. साप शांत आहे, डोळा सुजलेला नाही, पाणी किंवा पू येत नाही, तर पुढच्या कातीपर्यंत थांबणं हा शहाणपणाचा उपचार आहे. सूज आली, डोळा फुगला, ओठाच्या कडेला सूज दिसली, किंवा पुढच्या कातीलाही खवला तिथंच राहिला, तर ते काम डॉक्टरांचं. आम्ही डोळ्यांच्या कोरडेपणावरचं साधं वंगण जेल काही दिवस लावून तो मऊ करतो आणि मग भिंगाखाली सोडवतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं डोळ्यांचे थेंब आणून घालू नका. घरातल्या कुणासाठी आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असू शकतं.

खोबरेलाचं शेजारणीनं मायेनं सांगितलं असणार, पण ते लावू नका. कोरड्या कातीला पाणी हवंय, तेल नव्हे. तेलानं कात वरून मऊ वाटते, पण आतला थर सुटत नाही. उलट तेलावर धूळ बसते, तोंडाभोवतीच्या उष्णता ओळखणाऱ्या खाचा भरतात, आणि निपाणीच्या थंडीत ते तेल त्याच्या खवल्यांत थिजून राहतं. हळद, साबण, व्हॅसलीन, दूध, सगळ्यांना तेच उत्तर.

निपाणीची म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात किंवा शेजारी बिड्या वळायचं काम चालत असेल, तंबाखूची भुकटी हाताला लागत असेल, तर गुंड्याला हात लावण्याआधी साबणानं दोनदा हात धुवा आणि त्याची टाकी त्या खोलीत ठेवू नका. तंबाखूतलं निकोटीन सापांना विषारी आहे. टाकीच्या तळाला घालायला शेतातली माती किंवा पाला आणू नका. तंबाखूचं आणि उसाचं शेत म्हणजे फवारणी आलीच. डासांची कॉइल आणि फवारेही त्या खोलीत नकोत.

आता टाकीची मांडणी, कारण ती बदलली नाही तर महिन्याभरानं पुन्हा हेच होईल. आधी एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, घ्या. तो स्वस्त असतो आणि ऑनलाईन मिळतो. त्याच्याशिवाय आपण अंदाजानं चालतो आणि अंदाज चुकतात. जाळीचा दोन-तृतीयांश भाग अॅल्युमिनियम फॉइलनं किंवा जाड काचेनं झाका. बल्ब काढेपर्यंत त्याच्याखालचा भाग मोकळा राहू द्या, आणि कापड किंवा प्लॅस्टिक बल्बजवळ अजिबात नको, आग लागेल. वर्तमानपत्राऐवजी तळाला नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीन-चार बोटं घाला. खताचं मिश्रण असलेलं नको, साधं धुतलेलं. ते भिजवून, घट्ट पिळून घालायचं. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. पाण्याचं भांडं मोठं आणि जड घ्या, म्हणजे तो उलटवणार नाही, आणि ते उबदार बाजूच्या जवळ ठेवा. एका कोपऱ्यात एक लहान डबा उपडा घालून त्याला दार पाडा आणि आत ओलं शेवाळ किंवा ओला पंचा ठेवा. कातीवर आला की तो स्वतःहून त्यात जाऊन बसेल. टाकीत एखादा खरखरीत दगड किंवा उकळून वाळवलेलं लाकूड असू द्या, नाहीतर ओठ घासायला त्याला काहीच नसतं.

बल्बबद्दल माझं स्पष्ट मत आहे: तो काढा. हा रात्रीचा साप आहे, चोवीस तास उजेड त्याला नको असतो, आणि बल्ब हवा सुकवतो. टाकीच्या एका टोकाला, बाहेरून, तळाखाली हीटिंग मॅट लावा आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं यंत्र, जोडा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट नको, पोट भाजलेले साप मी पाहिलेत. उबदार टोक ३१ ते ३३ अंश, दुसरं टोक २५ ते २७. फार गार टाकीत साप पचन आणि कात दोन्ही नीट करू शकत नाही. रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवून ठेवा.

ओलावा म्हणजे चिखल नव्हे. तळ सतत ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, ते तपकिरी पडतात, आणि हवा खेळत नसेल तर श्वसनाचा संसर्ग होतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर, यातलं काही दिसलं तर कात राहू दे, आधी डॉक्टर. खानापूर-जांबोटीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर नेमकी हीच उलट तक्रार असते. तिथं जाळी झाकायची नाही, मोकळी ठेवायची. तुमच्याकडेही पावसाळ्यात फॉइल काढून टाका.

दमटपणा नीट असूनही कात अडकत असेल तर बाकीची कारणं बघायला हवीत. सर्वांत आधी माइट, म्हणजे सापांवरचे बारीक काळे किडे. रात्री त्याला पांढऱ्या टिश्यूपेपरवर तासभर ठेवा. त्या कागदावर, सकाळी पाण्याच्या भांड्यात, डोळ्याच्या कडेला, हनुवटीखाली मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले आणि ते हलले, तर तेच. तुमच्या गोठ्यात गोचिडाचं औषध असेल. ते त्याला लावू नका, प्रमाण चुकलं तर साप मरतो. याशिवाय जुनी भाजलेली जागा, जखमेचा व्रण, कुपोषण, बुरशी, यांमुळेही कात एकाच ठिकाणी वारंवार अडकते. प्रत्येक वेळी त्याच जागी अडकत असेल तर ती जागा दाखवा.

डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर आधी फोन करून विचारा, "साप तपासता का?" तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर जनावरं उत्तम जाणतात, पण सगळ्यांनाच सापांचा सराव असतो असं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव थोडं लांब. नेताना गुंड्याला उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा. एसटीनं निघाला असाल तर डबा मांडीवर राहू द्या, बसच्या टपावर किंवा डिक्कीत नको. कातीचे तुकडे आणि टाकीचा एक फोटो बरोबर आणा. त्या दोन गोष्टींवरून आम्हाला निम्मं कळतं.

दिरांच्या सूचनेबद्दल. शेतात सोडलेला गुंड्या कात टाकणार नाही, मरेल. थंडीनं नाहीतर घारीनं, नाहीतर माणसांच्या काठीनं. त्याच्या तपकिरी अंगावरचे ठिपके पाहून ऊसतोडीची माणसं त्याला घोणसच समजतील. आणि हे उलटंही होतं, म्हणून नीट ऐका. गुंड्या कधी टाकीतून निसटला आणि दोन दिवसांनी परड्यात, लाकडांच्या ढिगाखाली 'सापडला', तर ओळख पटल्याशिवाय हात घालू नका. आपल्या भागात उसात घोणस भरपूर आहे. तिच्या पाठीवर गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी जोरात फुत्कारते. शंका आली तर लांबून फोटो काढा आणि सर्पमित्राला बोलवा. चावलीच तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथं मिळतं.

कागदपत्रांचंही एकदा मुलाला विचारून घ्या. नाग, घोणस, धामण, मांडूळ, आपला अजगर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, ते घरी ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी, पण आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंदलेली जात असल्यानं २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंदीची प्रत तुमच्याकडेही असू द्या. प्रवासात आणि दवाखान्यात ती उपयोगी पडते.

राहिला खाण्याचा प्रश्न. कातीच्या आधी आणि कात अडकलेली असताना तो खात नाही हे स्वाभाविक आहे. बॉल पायथन निरोगी असताना, विशेषतः थंडीत, आठवडेच्या आठवडे खाणं सोडतो. जबरदस्तीनं तोंडात उंदीर घालू नका. स्वयंपाकाच्या काट्यावर त्याचं आज वजन करा, लिहून ठेवा, आणि दर आठवड्याला त्याच वेळी पुन्हा करा. दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर मला कळवा. कात पूर्ण निघाल्यावर दोन दिवस त्याला एकटं सोडा, मग संध्याकाळी, खोलीत कमी उजेड असताना, नेहमीपेक्षा एक आकार लहान उंदीर द्या. गोठवलेला असेल तर पूर्ण वितळवून, कोमट करून. जिवंत टाकू नका. अशक्त सापाला उंदीर कुरतडतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातात घेऊ नका, नाहीतर खाल्लेलं बाहेर टाकेल. आज शेपटी बघून झाली की टोकाचा जवळून फोटो काढून पाठवा, ओला कापूस लावण्याआधीचा एक आणि नंतरचा एक.